गोलाईवरची अक्षरे

अक्षर हे मूळचे सपाटीवरचे. पाटी, भूर्जपत्र, कागद, भिंत आणि फळा अशा सपाट जागांवरच ते वाढले आणि तेथेच त्याला वळण लागले. मनुष्याच्या नित्य वापरातील वस्तू मात्र सहसा सपाट नसतात. घागर गोल असते, पेला वर रुंद व खाली निमुळता असतो, नळ लांबट गोल असतो आणि डोक्यावरचे शिरस्त्राण घुमटासारखे असते. या वस्तूंवर नाव, क्रमांक किंवा सूचना लिहावयाची वेळ आली म्हणजे सपाटीचे अक्षर आणि गोलाईची वस्तू यांच्यात तंटा उभा राहतो. तो कसा सोडवावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी भूमितीचा एक गंभीर सिद्धांत आहे आणि व्यवहारात कधी कधी त्यावर माणसाची सुरक्षितताही अवलंबून असते.

या प्रश्नाचा विचार करण्यास भिलाईसारखे गाव शोधून सापडणार नाही. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याबरोबर वसाहतही वाढली आणि तिच्या विभागांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. त्यांपैकीच एक सेक्टर १०. कारखान्याच्या शाळेमुळे या सेक्टरचे नाव दूरवर गेले. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि आजही नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग भिलाईवरूनच जातो. त्यामुळे येथे आलेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात नाव घातलेली भांडी, शाळेच्या कपाटात खेळांतले चषक आणि खुंटीला कारखान्याचे हेल्मेट असे चित्र दिसले तर नवल नाही. या तिन्ही वस्तू गोलाईच्या आहेत, आणि तिन्हींची गोलाई निरनिराळ्या जातीची आहे.

गोल वस्तूवर अक्षर उमटवण्याची कला जुनी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगिजांच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा सर्वांच्या ऐकण्यात आहे. युरोपातील ओतारी अशा घंटांवरची उठावाची अक्षरे घडवताना एक युक्ती करीत. ते मेणाची सुटी अक्षरे बनवून घंटेच्या साच्याआधीच्या नमुन्यावर एकेक करून चिकटवीत आणि मग त्यावर मातीचा साचा घेत. घंटेचे अंग वर निमुळते आणि खाली पसरट असते. तेव्हा अखंड ओळ एकदम चिकटवण्यापेक्षा एकेक अक्षर तिच्या वळणाप्रमाणे बसवणे सोपे जाई. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालणारा कारागीर ठिपक्याठिपक्यांनी अक्षर काढतो. त्याचे हत्यार एका वेळी एकाच बिंदूला टेकते, म्हणून भांडे कसेही वळलेले असले तरी त्याचे काम अडत नाही. भिलाईत १९६० पासून तयार होऊ लागलेल्या रेल्वेच्या रुळांवरही उठावाची अक्षरे असतात. ती रूळ लाटणाऱ्या फिरत्या रोलवर उलटी कोरलेली असतात आणि रोलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ठराविक अंतरावर तीच खूण लाल तापलेल्या पोलादावर पुन्हा उमटते. येथे गोलाई लेखणीची आहे आणि सपाटी लिहिल्या जाणाऱ्या वस्तूची.

आता या कामात विनाइलची पातळ फीत आली आहे. महाराष्ट्रातील गावोगावच्या दुकानांत तिला ‘रेडियम’ म्हणतात. मोटारसायकलवर, रिक्षावर अथवा ट्रकच्या मागे नाव घालून देणाऱ्याच्या पाटीवर ‘रेडियम आर्ट’ असे लिहिलेले असते. या फितीत रेडियम नावाचे मूलद्रव्य औषधालाही नसते. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधून काढले आणि पुढे घड्याळाच्या तबकडीवरचे अंधारात चमकणारे आकडे त्याच्या रंगाने रंगवले जाऊ लागले. त्यामुळे जे चमकेल ते रेडियम, असा लोकव्यवहार पडला, आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या फितीला मिळालेले नाव मग सगळ्याच चिकट अक्षरांना चिकटले. खरे पाहता ही फीत म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे प्लॅस्टिक होय. मुळात कडक व ठिसूळ असलेल्या या पदार्थाला मऊ करण्याची रीत अमेरिकन रसायनज्ञ वाल्डो सिमॉन यांनी १९२६ मध्ये शोधली. फितीच्या पाठीला दाब दिल्यावर धरणारा गोंद असतो आणि गोंदाखाली सहज सुटणारा गुळगुळीत कागद. प्लॉटर नावाचे यंत्र पात्याने वरची फीत तेवढी कापते. अक्षराबाहेरचा भाग काढून टाकल्यावर वरून दुसरी हलकी चिकट पट्टी लावून सगळी अक्षरे एकदम उचलतात आणि वस्तूवर बसवतात.

नेमकी येथेच अडचण सुरू होते. भांड्यावर ठिपके मारणारा किंवा कुंचल्याने टाकीवर नाव रंगवणारा पेंटर प्रत्यक्ष गोलाईवरच काम करीत असे. त्याची नजर आणि हात वळणाबरोबर वळत. प्लॉटर मात्र सपाटीवर कापतो. वस्तूचे वळण त्याला दिसत नाही. ते आधीच हिशेबात धरून त्याला सांगावे लागते.

गोलाईचे तीन प्रकार केले म्हणजे हा हिशेब उलगडतो. पहिला प्रकार सरळ नळकांड्याचा. नळ, पिंप, सिलिंडरचा मधला भाग ही त्याची उदाहरणे. नळकांडे उभे चिरून उलगडले तर सपाट आयत मिळतो. म्हणून सपाट फितीवरची सरळ ओळ त्यावर सुरकुती न पडता सरळच बसते. येथे प्रश्न बसण्याचा नाही, दिसण्याचा आहे. नळकांड्यावरचे अक्षर मध्यापासून जितके बाजूला सरकेल तितके पाहणाराला अरुंद दिसते. व्यासाइतक्या लांबीचे नाव नळकांड्यावर गुंडाळले तर त्याची दोन्ही टोके मध्यापासून सुमारे ५७ अंशांवर जातात आणि तेथील अक्षर मूळच्या जेमतेम निम्म्या रुंदीचे भासते. नाव एका दृष्टिक्षेपात वाचले जावे अशी इच्छा असेल तर त्याची लांबी व्यासाच्या पाऊणपटीच्या आत ठेवावी. लांब नाव दोन ओळींत घालणे किंवा लहान करून दोन बाजूंना दोनदा लिहिणे हे शहाणपणाचे ठरते.

दुसरा प्रकार निमुळत्या वस्तूंचा, म्हणजे शंकूच्या अंगाचा. बादली, पेला, चषक, वर अरुंद होत जाणारे धुराडे हे सगळे शंकूचेच तुकडे. शंकूही उलगडून सपाट होतो, परंतु उलगडल्यावर आयत न मिळता पंख्याच्या आकाराची वाकडी पट्टी मिळते. त्यामुळे बादलीवर सरळ ओळ चिकटवली तर मधले अक्षर जागेवर राहते आणि दोन्हीकडची अक्षरे वर चढतात. जणू नाव हसते आहे. वर निमुळत्या धुराड्यावर तीच ओळ दोन्हीकडे खाली उतरते आणि नाव खिन्न दिसते. यात हाताचा दोष नसून भूमितीचा न्याय आहे. सरळ पट्टी शंकूवर सरळच जाऊ पाहते आणि बादलीच्या काठाला समांतर राहत नाही.

श्रोत्यांनी एका बादलीचा हिशेब करून पाहावा. वरचा व्यास ३० सेंटीमीटर, खालचा २० आणि तिरकी उंची २५ सेंटीमीटर धरावी. बादलीच्या दोन्ही कडा खाली वाढवत नेल्या तर त्या एका बिंदूत मिळतील. तो बिंदू वरच्या काठापासून तिरक्या मापाने ७५ सेंटीमीटरवर आणि तळाच्या काठापासून ५० सेंटीमीटरवर पडेल. बादलीच्या अंगाच्या मध्यावर नाव घालावयाचे असेल तर ते ६२.५ सेंटीमीटर त्रिज्येच्या कमानीवर कापले पाहिजे. तसे न करता ३० सेंटीमीटर लांबीची सरळ ओळ लावली तर तिची दोन्ही टोके मध्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर वर जातील. एवढा फरक कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. नियम लक्षात ठेवावयाचा तर असा : जेथे नाव घालावयाचे तेथील त्रिज्येला तिरक्या उंचीने गुणावे आणि वरच्या व खालच्या त्रिज्यांतील फरकाने भागावे, येणारा आकडा कमानीची त्रिज्या होय. बादलीकरता ही कमान इंद्रधनुष्यासारखी, टोके खाली असलेली असते; धुराड्याकरता ती पाळण्याच्या दोरीसारखी, टोके वर असलेली असते.

ज्याला आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याच्यासाठी सोपी वाटही आहे. पातळ कागद बादलीभोवती सुरकुती न पडू देता घट्ट गुंडाळावा, वरच्या व खालच्या काठाच्या रेषा त्यावर पेन्सिलीने उतरवाव्या आणि कागद उलगडावा. जी कमान मिळेल तीच नावाची कमान. कागदाने न सांगता सगळा हिशेब करून ठेवलेला असतो.

निमुळत्या वस्तूवर देवनागरीची एक विशेष अडचण उभी राहते. रोमन लिपीतील छापील अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. प्रत्येक अक्षर थोडे थोडे वळवून कमानीवर ठेवले की काम भागते, आणि अक्षरांमधले अंतर किंचित कमीजास्त झाले तरी डोळा क्षमा करतो. देवनागरीचे शब्द मात्र शिरोरेषेने बांधलेले असतात. बादलीवर पाच सेंटीमीटर उंचीची अक्षरे एकेक वळवून तळाशी जुळवली तर वरच्या बाजूला ती फाकतात. वरच्या उदाहरणात वरची कमान खालच्या कमानीपेक्षा ८ टक्क्यांनी लांब असते. तेवढ्या प्रमाणात अक्षराअक्षरांमध्ये शिरोरेषा तुटते आणि शब्द विसविशीत होतो. धुराड्यावर उलटे घडते : अक्षरांची डोकी एकमेकांवर चढतात. म्हणून देवनागरी नाव निमुळत्या वस्तूवर घालताना अक्षरे नुसती वळवून चालत नाही. शिरोरेषा एक अखंड कमान म्हणून आधी आखावी, उभे काने त्या कमानीच्या केंद्राकडे रोखावे आणि मग वेलांटी, मात्रा व उकार त्याच बेताने वाकवावे. इंग्रजी नावाकरता बसवलेली रीत जशीच्या तशी मराठी नावाला लावली की ते नाव विरूप होते, ते याच कारणाने.

तिसरा प्रकार घुमटाचा. हेल्मेट, घागर आणि टाकीचा गोल माथा यांना उलगडणे मुळीच शक्य नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करू गेल्यास ती फाटते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. जर्मन गणिती कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले की पृष्ठभाग नुसता वाकवला, ताणला नाही, तर त्याच्या वक्रतेचे एक विशिष्ट माप कधीही बदलत नाही. सपाट कागदाचे हे माप शून्य, नळकांड्याचे व शंकूचेही शून्य. म्हणून कागद त्यांवर निमूटपणे बसतो. गोलाचे माप शून्य नाही; म्हणून कागदाची आणि गोलाची तडजोड ताणल्या-फाटल्याशिवाय होत नाही. जगाचा सपाट नकाशा कोठेतरी खोटा ठरतो तो यामुळेच. पृथ्वीचा छापील गोल बनवणारे कारागीरही अखंड कागद न वापरता होडीच्या आकाराच्या निमुळत्या पट्ट्या कापून शेजारी शेजारी चिकटवीत आले. मार्टिन वाल्डझेम्युलर यांनी १५०७ मध्ये छापलेला पृथ्वीचा गोल अशाच पट्ट्यांचा आहे.

हेल्मेटावर अक्षर लावणाराने या सिद्धांतातून एक व्यवहारी बोध घ्यावा. १२ सेंटीमीटर त्रिज्येच्या घुमटावर २ सेंटीमीटर त्रिज्येची चकती बसवली तर तिचा कडेचा परीघ सुमारे अर्ध्या टक्क्याने जास्त होतो. फीत तेवढे सहज सोसते. परंतु चकती ६ सेंटीमीटर त्रिज्येची केली तर जास्तीचा परीघ चार टक्क्यांवर जातो आणि कडेला सुरकुत्या उभ्या राहतात. आकार तिप्पट झाला की अडचण नऊपट होते. म्हणून घुमटावर मोठे अखंड चित्र लावू नये. अक्षरे लहान व सुटी ठेवावी, वरच्या उचलपट्टीला अक्षरांच्या मधोमध चिरा द्याव्या, म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतःपुरता वळेल. घंटेवर मेणाची अक्षरे एकेक करून बसवणाऱ्या ओतारीची युक्तीही हीच होती.

फितीची निवडही येथे महत्त्वाची ठरते. स्वस्त फीत रुळांमध्ये लाटून पातळ केलेली असते. लाटताना पडलेला ताण तिच्या अंगात राहतो आणि कालांतराने ती आकसू पाहते; नळकांड्यावर व सौम्य निमुळत्या वस्तूवर ती चालते, पण घुमटावर तिच्या कडा उठतात. महाग फीत पातळ द्रवरूपात ओतून, भट्टीत सुकवून तयार करतात. तिच्यात असा ताण नसतो, तिची जाडी सुमारे ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग असते आणि ती वळणाला नरमाईने साथ देते. अशी फीत गरम हवेने किंचित मऊ करून घुमटावर बसवतात. बसल्यानंतर पुन्हा एकदा तापवावी लागते, कारण ताणलेल्या फितीला आपला पूर्वीचा आकार आठवत असतो. शेवटच्या उष्णतेने ती ही आठवण विसरते आणि नव्या आकारात स्थिर होते.

प्रत्यक्ष लावण्याचे काम मात्र घाईचे नव्हे. पोलादाच्या गावात धूळ असतेच आणि यंत्राशेजारच्या वस्तूंवर तेलाचा हात फिरलेला असतो. आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पृष्ठभाग पुसून कोरडा करावा. नावाचा मध्य आणि वस्तूचा मध्य यांच्या खुणा जुळवाव्या, मध्यावर आडवी-उभी पट्टी लावून नाव तात्पुरते टांगावे आणि चार पावले मागे सरून पाहावे. मग निम्म्या भागाचा कागद सोडून मध्यापासून बाहेर, रबरी पट्टीने दाबत जावे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्यास सुरुवातीची केसभर चूक शेवटी बोटभर होते. छत्तीसगडच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हातले पत्रे त्याहून कितीतरी अधिक तापतात. अशा वेळी गोंद टेकताक्षणी धरतो आणि दुरुस्तीला अवसर देत नाही. म्हणून हे काम सावलीत व सकाळच्या वेळी करावे.

या सगळ्याचा खटाटोप केवळ शोभेसाठी आहे, असे मात्र समजू नये. पोलाद कारखान्यात झोतभट्टीतून निघणारा वायू मोठमोठ्या नळांतून खेळवला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो प्राणघातक आहे. जून २०१४ मध्ये भिलाईच्या कारखान्यात वायुगळतीने सहा जणांचे प्राण घेतले. त्या दुर्घटनेचा संबंध नळांवरील अक्षरांशी नव्हता. तथापि ज्या वायूचे अस्तित्व इंद्रियांना कळत नाही, त्याची ओळख रंगाने आणि अक्षरांनीच पटवावी लागते, हे ती आठवण करून देते. नळांवरचे रंग ठरवून देणारे भारतीय मानक त्यासाठीच आहे. नळावरचे नाव माथ्यावर लिहिले आणि माणूस खालून चालत असला, तर ते नाव असून नसल्यासारखे. ते पाहणाराच्या नजरेसमोर, व्यासाच्या मर्यादेत आणि प्रवाहाची दिशा दाखवणाऱ्या बाणासह असावे. जेथे पृष्ठभाग फार तापतो तेथे विनाइल निरुपयोगी. तेथे उष्णता सोसणारा रंग किंवा धातूची पट्टीच हवी. हेल्मेटावरचे नाव व रक्तगट संकटकाळी उपयोगी पडतो. पण अक्षरांनी हेल्मेटाचा फार मोठा भाग झाकला तर कवचाला गेलेला तडा त्याखाली दडतो. म्हणून तेथे अक्षरे थोडी असावी, कडेपासून दूर असावी आणि हेल्मेट बनवणाराने वर्ज्य केलेले गोंद वापरू नयेत.

कुंचल्याने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचा धंदा फ्लेक्स आणि विनाइल यांनी गेल्या काही दशकांत पुष्कळसा हिरावून घेतला, हे सर्वांनी पाहिलेच आहे. सपाट पाटीपुरते यंत्र त्यांच्याहून वेगवान ठरले. परंतु यंत्र जेथे अडखळते ती जागा नेमकी गोलाईची आहे, आणि तेथे पेंटरच्या जुन्या विद्येला अजून मोल आहे. अक्षराचा तोल कोठे साधतो, शिरोरेषा किती वाकली म्हणजे सरळ दिसते, दोन अक्षरांत किती जागा सोडावी, हे त्याच्या नजरेला आधीच ठाऊक असते; कमानीची त्रिज्या काढण्याचा एवढा लहानसा हिशेब त्याला शिकवला तर प्लॉटर त्याचा वैरी न राहता हाताखालचा गडी होईल. उलट, ज्या तरुणाला यंत्र चालवता येते त्याने कागद बादलीला गुंडाळून पाहण्याचा कंटाळा करू नये. औद्योगिक शिक्षणाच्या शाळांनी हा धडा पत्रेकामाच्या तासालाच जोडून दिला तर वेगळा वेळही लागणार नाही. कारण पत्र्याची बादली कापण्याची आकृती आणि तिच्यावरचे नाव कापण्याची कमान या दोन्ही एकाच केंद्रातून निघतात.